किशोरांच्या क्वीअर प्रेमकथा आणि वंशाचा प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतल्या यंग अडल्ट कादंबऱ्यांवर मी लिहिते. त्यातही समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्स), म्हणजे एका शब्दात क्वीअर, मुलामुलींच्या प्रेमकथांबद्दल लिहिलं की वंशाविषयीचे ठरावीक प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. यंग अडल्ट म्हणजे नेमकं काय? आपलं कुमारसाहित्य तेच ना?

अगदी तेच नाही. साधारण 12 ते 18 वयाच्या वाचकांसाठी असलेली आणि नायक-नायिकाही त्याच वयाच्या असलेली ही पुस्तकं. कुमारसाहित्यात बरेचदा मोठं माणूस मुलांना गोष्ट सांगत असतं. इथे सोळा-सतरा वर्षांचं पात्र बहुतेक वेळा स्वतःच 'मी' म्हणून बोलतं. 'रोमान्स' हा शब्दही या व्यवसायात नेमक्या अर्थाने वापरतात: प्रेम हेच मुख्य कथानक, आणि शेवटी दोघं एकत्र, निदान आशा तरी शिल्लक. दोघांपैकी एकजण मेला तर ती प्रेमकथा असेल, पण रोमान्स नव्हे. हा फरक प्रश्न 9 मध्ये लागणार आहे.

2. 'वांशिक' म्हणजे जात, कातडीचा रंग, की देश?

या तिन्हींपैकी एकही शब्द पुरत नाही. आपण 'गोरी मुलगी' म्हणतो तेव्हा उजळ कांतीची मुलगी डोळ्यांसमोर येते. या चर्चेत गोरा म्हणजे युरोपीय मुळाचा, आणि अमेरिका-ब्रिटनमध्ये ज्याला स्वतःची ओळख सांगावी लागत नाही असा. उरलेल्या सगळ्यांना मिळून मी 'गोरेतर' म्हणते, पण नाइलाजाने. कृष्णवर्णीय अमेरिकन, चिनी, बांगलादेशी, मूळनिवासी या सगळ्यांना एका मोटेत बांधणारा हा शब्द आहे, आणि ते कोण आहेत यापेक्षा कोण नाहीत एवढंच तो सांगतो. म्हणून शक्य तिथे समूहाचं नावच लिहिते. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचा, हा तर काटेकोर अर्थाने वंशही नाही. लॅटिनो माणूस गोरा असू शकतो, कृष्णवर्णीय असू शकतो, मूळनिवासी वंशाचाही असू शकतो.

3. प्रेमकथाच तर आहे. त्यात वंश कशाला मोजायचा?

प्रेमकथा आहे म्हणूनच. रहस्यकथेतला गुप्तहेर हुशार असला की भागतं. प्रेमकथेत मात्र कुणीतरी कुणाकडे तरी ओढीने बघतं, आणि त्या नजरेतून वाचकाला कळतं की अशा केसांवर, अशा नाकावर, अशा नावावर जीव जडू शकतो. पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने शंभर प्रेमकथा वाचल्या आणि एकीतही तिच्यासारख्या मुलीचा हात धरावासा कुणाला वाटला नाही, तर तिला काय कळलं, हे वेगळं सांगायची गरज नाही.

रुडिन सिम्स बिशप या अभ्यासिकेने 1990 साली मुलांच्या पुस्तकांसाठी आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार अशी प्रतिमा वापरली. पुस्तकात स्वतःला पाहता आलं पाहिजे, दुसऱ्याचं जग दिसलं पाहिजे, आणि त्या जगात पाऊलही टाकता आलं पाहिजे. ही प्रतिमा आता वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, तरी प्रेमकथेपुरती मला ती अजून पटते. क्वीअर मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्यासारखं प्रेम करणारं माणूस बऱ्याच मुलांना घरात किंवा नात्यात बघायला मिळत नाही. ते त्यांना पहिल्यांदा पुस्तकातच भेटतं. तिथे भेटणारा प्रत्येकजण गोराच असेल, तर असं प्रेम हे गोऱ्यांचंच काम आहे असा समज होतो. आणि घरचे बरेचदा नेमकं तेच म्हणत असतात (प्रश्न 8).

4. या चर्चेची आणि अशा पुस्तकांची सुरुवात कधी झाली?

1965 साली शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी 1962 ते 1964 या तीन वर्षांत अमेरिकेत निघालेली 5,206 बालपुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त 349 पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं, म्हणजे 6.7 टक्के. समलिंगी आकर्षणाला हात घालणारी पहिली किशोर कादंबरी 1969 ची मानतात. तिच्यातली मुलं गोरी होती.

आश्चर्य वाटेल, पण त्यानंतर जेमतेम सातच वर्षांनी, 1976 साली, रोझा गाय यांची 'रुबी' आली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या वेस्ट इंडियन कुटुंबातली मुलगी दुसऱ्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रेमात पडते. 'या साहित्यात वंशाचा विषय अलीकडे घुसवला' असं कुणी म्हणालं की मी हे साल सांगते. मात्र 'रुबी'तलं नातं टिकत नाही. 1982 साली नॅन्सी गार्डन यांच्या 'ॲनी ऑन माय माइंड'मध्ये दोन मुली शेवटी पुन्हा एकमेकींकडे येतात, आणि पहिल्या आनंदी शेवटाचा मान आजवर त्याच कादंबरीला दिला जातो. त्या दोघी गोऱ्या आहेत.

पुढची वाट संथ होती. 1990 च्या दशकात जॅकलिन वुडसन यांनी कृष्णवर्णीय घरांतल्या अशा नात्यांवर लिहिलं. 2001 साली ॲलेक्स सांचेझ यांच्या कादंबरीत तीन मुलांपैकी एक लॅटिनो होता. 2012 साली बेंजामिन अलिरे साएन्झ यांची ॲरिस्टॉटल आणि दांते या दोन मेक्सिकन-अमेरिकन मुलांची गोष्ट आली आणि तिला पुरस्कारांवर पुरस्कार मिळाले. खरी वर्दळ दिसते ती 2019-20 पासून.

5. आता तर अशी पुस्तकं ढिगाने येतात. मग तक्रार कसली?

पुस्तकं वाढली आहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या बालपुस्तक केंद्राने 1985 साली मोजणी सुरू केली, तेव्हा वर्षभरात निघालेल्या सुमारे 2,500 पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती 18. तिथून आपण फार पुढे आलो आहोत.

पण मोजणीत एक खोच आहे. वंशाची यादी वेगळी असते आणि क्वीअर पात्रांची वेगळी. दोन्ही आकडे वाढले म्हणजे दोन्ही ओळखी एकाच पात्रात आल्या असं होत नाही. एका पुस्तकात गोरा समलिंगी नायक आणि त्याची विषमलिंगी कृष्णवर्णीय मैत्रीण असेल, तर ते दोन्ही याद्यांत मोजलं जातं. समलिंगी कृष्णवर्णीय मुलाला मात्र त्यात काहीच मिळालेलं नसतं.

दुसरं, पुस्तक निवडतं कोण? ली अँड लो या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने केलेल्या पाहणीत 2015 साली तिथल्या प्रकाशन व्यवसायातले 79 टक्के लोक गोरे होते आणि 88 टक्के विषमलिंगी. 2019 मध्ये हे आकडे 76 आणि 81 झाले. म्हणजे क्वीअर माणसं वाढली त्या मानाने गोरेतर माणसं वाढली नाहीत. पुस्तकांतही मला हाच कल दिसतो.

6. कोणते ठरावीक साचे खटकतात?

सगळ्यात मोठा साचा जिवलग मैत्रिणीचा. नायक गोरा आणि गोंधळलेला, मैत्रीण कृष्णवर्णीय आणि ठाम. तिच्याकडे उत्तरं असतात, विनोद असतात, नायकाला हलवून जागं करायचं धाडस असतं. नसतं ते फक्त प्रेम. दोनशे पानं ती दुसऱ्याचं जुळवून देते आणि तिला कुणी आवडतं का, हे कुणी विचारत नाही. अशी पात्रं मला आवडतात, म्हणूनच राग येतो. त्या मुलीवर अख्खी कादंबरी उभी राहिली असती.

दुसरा साचा शिकवणीचा. गोरेतर प्रियकर गोऱ्या नायकाला वंशभेद समजावून सांगतो, नायकाचे डोळे उघडतात, आणि त्याच्या या शहाणपणालाच प्रेमाची पावती समजलं जातं. मग तो प्रियकर उरत नाही, धडा होतो.

तिसरा वर्णनाचा. गोऱ्या पात्राच्या कातडीचा रंग सांगितलाच जात नाही, आणि गोरेतर पात्र मात्र चॉकलेट, कॉफी, कॅरमल होऊन येतं. आपण 'गव्हाळ' सहज म्हणतो, त्यामुळे यात काय वाईट असं मराठी वाचकाला वाटू शकतं. पण गव्हाळ हा आपण आपल्याच माणसांसाठी वापरतो. तिथे खाण्याच्या पदार्थांची उपमा एकाच बाजूला चिकटलेली दिसते, आणि खाणारा कोण हेही ठरलेलं असतं.

चौथा साचा कर्मठ स्थलांतरित आईबापांचा. त्याचं उत्तर प्रश्न 8 मध्ये.

7. एक गोरा आणि एक गोरेतर अशी जोडी दाखवणं चांगलंच नाही का?

चांगलं असू शकतं. पण अशा जोड्यांच्या मानाने दोघंही गोरेतर असलेल्या जोड्या कमी दिसतात, यावर थोडं थांबायला हवं. गोरेतर मुलाला प्रेम मिळालं याची खूण म्हणजे गोऱ्याने त्याला निवडलं, असा अर्थ नकळत होतो. 'रुबी'मधल्या दोघीही कृष्णवर्णीय होत्या, ॲरिस्टॉटल आणि दांते दोघंही मेक्सिकन-अमेरिकन आहेत. त्या कथांत कुणाला कुणापुढे आपल्या वंशाचा खुलासा करावा लागत नाही, आणि त्या वाचलेल्या वेळात ती मुलं एकमेकांशी इतर कितीतरी गोष्टी बोलतात.

मिश्र जोडी प्रामाणिकपणे लिहिली की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण मलिंडा लो यांची 'लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब'. 2021 चा किशोरसाहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड तिला मिळाला. काळ 1954 चा, ठिकाण सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. लिली चिनी-अमेरिकन, कॅथलीन गोरी. दोघींवर समलिंगी असण्याचा धोका सारखाच आहे, पण लिलीच्या घरावर दुसरी टांगती तलवार आहे. कम्युनिस्टांच्या शोधात असलेल्या सरकारी माणसांनी तिच्या वडिलांचे नागरिकत्वाचे कागद काढून घेतले आहेत. ज्या बारमध्ये कॅथलीनला मोकळं वाटतं तिथे लोक लिलीकडे परकी म्हणून बघतात. एकाच गल्लीतून चालताना दोघींना वेगळी भीती वाटते. लेखिका ती भीती लपवत नाही आणि त्यांच्या प्रेमाला कमीही लेखत नाही.

मिश्र जोडी म्हणजे गोरा अधिक कुणीतरी, असंही नाही. आदिबा जायगिरदार यांच्या 'द हेना वॉर्स'मध्ये (2020) डब्लिनची बांगलादेशी निशात ब्राझिलियन-आयरिश फ्लाव्हियाच्या प्रेमात पडते, आणि तीच मुलगी शाळेतल्या स्पर्धेसाठी मेंदीचा व्यवसाय सुरू करते. आपली वस्तू दुसऱ्याने उचलल्याचा राग आणि त्याच माणसाची ओढ, दोन्ही एकदम. फ्लाव्हियालाही वंशभेद सोसावा लागतो, म्हणून भांडण सोपं राहत नाही.

8. गोरेतर आईवडील नाकारतात असं दाखवणं खोटं आहे का?

खोटं नाही. अनेक मुलांचा तो रोजचा अनुभव आहे, आणि त्यांनी तो लिहिला तर 'आमच्या समाजाची बदनामी करता' म्हणून त्यांना गप्प करणं मला अमानुष वाटतं. अडचण होते ती गोऱ्यांचं घर म्हणजे मोकळीक आणि गोरेतरांचं घर म्हणजे तुरुंग अशी वाटणी पक्की झाल्यावर. गोऱ्या घरांतूनही मुलांना हाकललं जातं.

अशा गोष्टींत एक बारकावा हमखास निसटतो. वंशभेद सोसणाऱ्या मुलासाठी घर ही बाहेरच्या अपमानापासून लपायची जागा असते. त्याचं नाव नीट उच्चारणारी माणसं त्याच घरात असतात. त्यामुळे 'पटत नसेल तर घर सोड' हा सल्ला त्याला दुप्पट महागात पडतो. सांगणं न सांगणं, एकालाच सांगणं, अर्धंच सांगणं, या मधल्या वाटा भित्रेपणाच्या नसतात. चांगल्या लेखकाला त्या दिसतात.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. ॲरिस्टॉटलचं दांतेवर प्रेम आहे हे त्याच्या आईवडिलांना त्याच्या आधी उमगतं, आणि तेच त्याला समोर बसवून सांगतात. मेक्सिकन-अमेरिकन बापाच्या तोंडी हे बोलणं वाचताना मला दर वेळी भरून येतं.

9. सगळ्या गोष्टी आनंदीच असाव्यात का? वंशभेद, हिंसा दाखवायचीच नाही?

दाखवावी. पण रोमान्स असेल तर शेवट आनंदाचा (प्रश्न 1), आणि तो शेवट कुणाच्या वाट्याला येतो हे बघावं. दीर्घकाळ चाललेली वाटणी अशी होती: गोऱ्या समलिंगी मुलांना हलकीफुलकी प्रेमकथा, गोरेतर मुलांना शोकांतिका किंवा सामाजिक प्रश्न. कॅसन कॅलेंडर यांच्या 'फेलिक्स एव्हर आफ्टर'चा (2020) नायक कृष्णवर्णीय, क्वीअर आणि पारलिंगी आहे, आणि एवढ्या सगळ्या ओळखी एकत्र आल्यावर प्रेम आपल्या वाट्याला येईलच कसं, हीच त्याची धास्ती आहे. त्या कादंबरीत छळ आहे, चुकीच्या माणसावर सूड उगवण्याचा बेत आहे आणि भरभरून प्रेमही आहे.

10. म्हणजे गोऱ्या लेखकाने गोरेतर पात्रं लिहूच नयेत?

असं मी म्हणत नाही, आणि या विषयाशी जवळून जोडलेले बहुतेक लोकही म्हणत नाहीत. आग्रह एवढाच, की स्वतःचं जगणं लिहिणाऱ्याला आधी जागा मिळावी. 2015 साली कोरिन डायव्हिस या लेखिकेने ट्विटरवर 'ओन व्हॉइसेस' हा हॅशटॅग सुचवला. पात्राची वंचित ओळख लेखकाचीही असेल अशी पुस्तकं शोधायला सोपी जावीत, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे प्रकाशकांनी त्याचं लेबल केलं आणि वाचकांनी त्याची चौकशी समिती केली. 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेने 2021 मध्ये तो शब्द वापरणं थांबवलं.

क्वीअर लेखनात याची किंमत जास्त मोजावी लागली. लेखकाचा वंश बहुधा नावावरून किंवा फोटोवरून ताडता येतो, लैंगिकता नाही. लोकप्रिय समलिंगी प्रेमकथा लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टाली यांच्यावर विषमलिंगी असून हे लिहिल्याचा आरोप वर्षानुवर्षं होत होता. शेवटी 2020 साली त्यांना आपण उभयलिंगी असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि हे मनाजोगत्या वेळी झालेलं नाही हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. न्याय मागताना एखाद्याला असं उघडं पाडणं मला मान्य नाही. आणि गोरेतर घरातल्या लेखकाला अशी जाहीर कबुली आणखी जड जाते, कारण मागे ते घर असतं (प्रश्न 8).

11. लेखक स्वतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी असेल तर चूक होऊच शकत नाही ना?

होऊ शकते. कोसोको जॅक्सन हे कृष्णवर्णीय समलिंगी लेखक. दुसऱ्यांच्या हस्तलिखितांतलं समाजचित्रण तपासण्याचं काम, ज्याला 'सेन्सिटिव्हिटी रीडर' म्हणतात, ते स्वतः करत. 2019 साली त्यांची पहिली कादंबरी येणार होती: कोसोव्होच्या युद्धात सापडलेल्या दोन अमेरिकी मुलांची प्रेमकथा. त्या युद्धात होरपळलेल्या मुस्लिम अल्बेनियन लोकांच्या चित्रणावर टीका झाली आणि प्रकाशनाच्या तोंडावर त्यांनी पुस्तक मागे घेतलं. एका बाजूने वंचित असलेला माणूस दुसऱ्या बाजूने परका असू शकतो, हे या टीकेतून दिसतं. पण पुस्तक छापून, वाचून, मग त्यावर भांडता आलं असतं, असं माझं मत आजही आहे. पहिल्याच पुस्तकात चुकण्याची मुभा गोऱ्या लेखकांना याहून जास्त मिळते.

12. लेखकाने पात्राचा वंश सांगितलाच नाही तर? किंवा जगच काल्पनिक असेल तर?

न सांगितलेलं पात्र बहुतेक इंग्रजी वाचक गोरंच धरतात. 2012 मध्ये 'द हंगर गेम्स' या किशोर कादंबरीवरचा चित्रपट आला तेव्हा रू या मुलीच्या भूमिकेत कृष्णवर्णीय अभिनेत्री पाहून काही वाचक चिडले होते, आणि पुस्तकात तर रू गडद तपकिरी कातडीची असल्याचं लिहिलेलं आहे. लिहिलेलं असून ही गत. म्हणून 'वाचकाने हवं ते समजावं' ही भूमिका मला पळवाट वाटते.

काल्पनिक जगात अमेरिकेचा इतिहास नसतो, पण वाचक तो बरोबर घेऊन येतो. अनेकदा तिथे समलिंगी प्रेम सहज स्वीकारलेलं असतं आणि गुलामगिरी मात्र जशीच्या तशी असते. एक पूर्वग्रह पुसायची कल्पना सुचली तर दुसरा का ठेवला, हा प्रश्न लेखकाला विचारायलाच हवा.

13. मुखपृष्ठावरून एवढा वाद का?

कारण पुस्तक हातात घ्यायचं की नाही हे तिथे ठरतं. 2009 साली जस्टिन लार्बालेस्टियर यांच्या 'लायर' या किशोर कादंबरीची नायिका कृष्णवर्णीय असताना अमेरिकी आवृत्तीवर गोरी मुलगी छापली होती. ओरड झाल्यावर ते बदललं. क्वीअर पुस्तकांत दुसरी अडचण आहे. जोडी स्पष्ट दिसली तर घरात लपून वाचणाऱ्या मुलाची पंचाईत होते, दिसली नाही तर शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही.

14. अमेरिकेत पुस्तकांवर बंदी येते त्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पेन अमेरिका या संस्थेने 2021-22 या शैक्षणिक वर्षात शाळांतल्या पुस्तकबंदीच्या 2,532 घटना नोंदवल्या, एकूण 1,648 पुस्तकांच्या. त्यातल्या 41 टक्के पुस्तकांत क्वीअर विषय किंवा पात्रं होती आणि 40 टक्क्यांत मुख्य किंवा महत्त्वाची पात्रं गोरेतर होती. आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती पुस्तकं दोन्हीकडून सापडतात.

15. यातलं एखादं पुस्तक मराठीत आणायचं तर वंशाचे शब्द कसे करायचे?

'ब्राउन'साठी 'सावळा' लिहिलं की पात्र आपल्या शेजारचं होतं आणि त्याचं मेक्सिकन किंवा बांगलादेशी असणं पुसलं जातं. मी अशा जागी समूहाचं नाव लिहीन आणि रंग जिथे प्रेमाने पाहिला आहे तिथेच ठेवेन. तिथे मात्र 'सावळा' चालेल, त्या शब्दात आपल्याकडे शतकानुशतकांची माया आहे. शिव्या सौम्य करू नयेत.

मला खरी अवघड वाटते ती क्रियापदं. इंग्रजीत 'मी' म्हणून बोलणारं पात्र पानंच्या पानं आपलं लिंग न सांगता बोलू शकतं. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. फेलिक्ससारखं, पुस्तकभर स्वतःची ओळख चाचपडणारं पात्र असेल तर हा निर्णय फार लवकर होतो. 'मला दिसलं', 'मला वाटलं', 'मी दार उघडलं' अशा रचनांत तो थोडा लांबवता येतो. पहिल्या प्रकरणापुरता हा प्रयोग मी करून पाहिला आहे. वाक्यं जरा सावध होतात, पण त्या वयाचं मूल बोलतंही तसंच सावध.